देवळातलं शिल्प पाहायचं कसं : एक दगड, एक तास आणि एक स्टीलचं ताट

आपल्याकडे जुनं देऊळ पाहायला जायचं म्हणजे काय होते, फटफटी लावली, चपला काढल्या, हात जोडले, बाहेरून एक चक्कर मारली, चारपाच फोटो काढले, "लय जुनं आहे बाप्पा, एका रात्रीत बांधलं म्हणतात" आणि मग तर्री-पोहे कुठं भेटतात याची चौकशी. देवदर्शनाला एवढं पुरते, त्यात वाईट काहीच नाही. पण आठ-नऊशे वर्षांपूर्वी ज्यानं त्या भिंतीवर छिन्नी चालवली त्याचं काम पाहायचं असेल तर थोडं वेगळं वागावं लागते.

माझं म्हणणं एवढंच आहे, अख्खं देऊळ पाहायचा नाद सोडा. एक दगड धरा. एक मूर्ती, एक खांब, दरवाज्याची एक चौकट, काही पण, पण एकच. आणि तिच्यासमोर तासभर बसा. पहिली दहा मिनिटं कंटाळा येते, हात आपोआप खिशातल्या मोबाईलकडे जातो, पंधराव्या मिनिटाला वाटते की सगळं पाहून झालं, आणि त्याच्यानंतर दिसायला लागते. हे मी उगाच नाही सांगत, करून पाहा.

कुठं जायचं? मार्कंडा, लोणार, रामटेक ही विदर्भातली नावाजलेली ठिकाणं आहेतच, पण सुरुवात गावाजवळच्या दगडापासून केलेली बरी. मारुतीच्या देवळामागं टेकवून ठेवलेली फुटकी मूर्ती असते, पारावर बसवलेला कोरीव खांब असतो, जुन्या बारवेच्या भिंतीत उलटा बसवलेला नक्षीचा तुकडा असतो. जवळचं घेण्यात फायदा असा की पुन्हा पुन्हा जाता येते, सकाळी वेगळं, संध्याकाळी वेगळं, पावसात तर भलतंच वेगळं. दोनशे किलोमीटर एसटीनं जाऊन पाहिलेलं देऊळ मात्र तुम्ही ज्या वेळेला पोचाल त्याच उजेडात दिसणार.

आता उजेडाचं, कारण अर्धं काम तिथंच होते. शिल्प म्हणजे उंचसखल दगड, त्याच्यावर समोरून उजेड पडला की सगळं सपाट दिसते, बाजूनं तिरपा पडला की सावल्या पडतात आणि बोटं, दागिने, डोळ्याच्या पापण्या सगळं वर उठून येते. म्हणून भर दुपारी जाऊ नका, तसंही मे महिन्यात आपल्याकडे दुपारी दगडावर पाय ठेवता येत नाही. जुनी देवळं बहुतेक पूर्वेकडे तोंड करून असतात. अशा देवळाची मागची, म्हणजे पश्चिमेची भिंत दुपारनंतर पाहा. दक्षिणेची भिंत हिवाळ्यात पाहा, तेव्हा सूर्य दक्षिणेकडे झुकलेला असतो आणि तिच्यावर दिवसभर ऊन खेळते. उत्तरेच्या भिंतीला हिवाळ्यात थेट ऊन लागतच नाही, तिथं मोबाईलचा टॉर्च मूर्तीच्या अगदी बाजूला धरायचा, भिंतीला जवळजवळ चिकटून, समोरून नाही. झिजलेली अक्षरंसुद्धा अशीच वाचता येतात.

मंडपात अंधार असतो. तिथं टॉर्चपेक्षा घरचं स्टीलचं ताट कामाला येते. एक जण बाहेर उन्हात ताट घेऊन उभा राहतो, ऊन आत छतावर फेकतो, दुसरा पाहतो, मग पाळी बदलायची. लोणारच्या दैत्यसूदन देवळाच्या मंडपात मान वर करून हे करून पाहा, छताच्या दगडात विष्णूनं लवणासुराला मारल्याची गोष्ट कोरलेली आहे आणि आलेले पाहुणे तिच्या खालून निघून जातात. पोट्ट्यांना सोबत नेलं तर ताट धरायला आपसूक माणसं भेटतात. फक्त देवाच्या गाभाऱ्यात किंवा दर्शनाला आलेल्यांच्या डोळ्यात ताट मारू नका, आणि वर आग्या मोहोळ आहे का ते आधी पाहून घ्या. शिखराला मोहोळ असलं तर अत्तर नको, धूर नको, आरडाओरडा नको.

पाणी मारून मूर्ती उठून दिसते म्हणून लोकं बाटली ओततात, तेल लावतात, अक्षरांत खडू नाहीतर पीठ भरतात. हे अजिबात करायचं नाही. दगड ते सगळं पिऊन घेते, नंतर शेवाळ धरते, पापुद्रे सुटतात. शेंदूर खरवडणं तर त्याहून वाईट, एकतर लोकांची श्रद्धा दुखावते आणि दुसरं, शेंदरासोबत दगडही निघतो.

बसलात दगडासमोर, आता काय? पहिल्यांदा नाव विचारू नका. कोणता देव, कोणतं शतक, कोणाचं राज्य, हे सगळं अर्धा तास बाजूला ठेवा. एकदा का कोणी "ही चामुंडा" असं सांगितलं की आपण पाहणं थांबवतो. तर खालून सुरुवात करा, पायापासून. वजन कोणत्या पायावर आहे? दुसरा गुडघा किती वाकलाय? कंबर कुठल्या बाजूला गेली, खांदा कुठल्या? मार्कंड्याला भिंतींवर ज्या सुरसुंदरी, म्हणजे नटलेल्या सुंदर बायकांच्या मूर्ती आहेत त्यातली एखादी घ्या. त्या सहसा सरळ उभ्या नसतात, गुडघा, कंबर, मान अशा तीन ठिकाणी वाकलेल्या असतात, आणि थोडा वेळ पाहिलं की आपण पण नकळत एका पायावर वजन टाकून उभे राहतो, लोकं पाहतात, पाहू द्या.

मग हात. अशा बायका नुसत्या नटून उभ्या नसतात, काहीतरी करत असतात. एक आरशात पाहते, एक पायातला काटा काढते, एकीच्या कडेवर लेकरू असते, एक पाठमोरी उभी राहून पत्र लिहिते आणि मान वळवून आपल्याकडे पाहते. एकीच्या साडीचा पदर माकड ओढते आणि ती त्याला हाकलायला हात उगारते. आता या माकडवालीकडे नीट पाहा. दुरून दिसते ती फक्त बाई, माकड गुडघ्याच्या खाली, बारकं असते. ते एकदा दिसलं की बाईची वाकलेली कंबर, वर गेलेला हात, सरकलेलं वस्त्र, सगळ्याचं कारण कळते. म्हणजे कारागिरानं कारण खाली लपवलं आणि परिणाम वर दाखवला. तासभर बसायचं ते याच्यासाठी.

वस्त्र कुठं आहे हे शोधायला पण मजा येते. पुष्कळांना वाटते मूर्ती उघडीच आहे. मांडीवर एक बारीक कोरीव रेघ दिसते, घोट्याजवळ काठाची नक्षी दिसते, दोन पायांच्या मधात निऱ्या लोंबतात, तेव्हा कळते की कापड आहे, एवढं पातळ की अंगाला चिकटलंय. दगडात पातळ कापड दाखवणं काय सोपं काम आहे का राजेहो! आणि दगडही सारखा नाही. पश्चिम विदर्भात, बुलडाणा-अकोल्याकडे, काळा कातळ, कडक, त्यात मधामधात बारीक भोकं. मार्कंड्याकडे वाळूचा दगड, छिन्नीला नरम पण पाण्यापावसाला लवकर झिजणारा. म्हणून दोन्हीकडच्या नाकाडोळ्यांची तुलना करताना कारागीर कमीजास्त होता असं एकदम बोलू नये, आधी दगडाला हात न लावता जवळून पाहावं.

आता नावाकडे या. ओळखायच्या खुणा सगळ्या पाठ करायची गरज नाही, थोड्या पुरतात. दाराच्या चौकटीशी खाली दोन बाया असतील तर पायाखाली पाहा, मगर असली तर गंगा, कासव असलं तर यमुना. एका ओळीत सात देवी बसलेल्या दिसल्या तर चेहऱ्याकडे पाहून सहसा काही कळत नाही, बहुतेकींचे चेहरे सारखेच असतात, बैठकीवर खाली कोरलेली वाहनं वाचायची : हंस ब्राह्मणी, बैल माहेश्वरी, मोर कौमारी, गरुड वैष्णवी, हत्ती इंद्राणी. वाराहीला तोंडच डुकराचं असते. आणि बरगड्या दिसणारी, हाडकुळी, पोट खपाटीला गेलेली ती चामुंडा, तिच्या त्या पोटावर विंचू शोधा, पुष्कळ ठिकाणी सापडते.

विष्णूसाठी एक युक्ती आहे आणि ती सगळ्यात भारी आहे. चार हात, चार वस्तू : शंख, चक्र, गदा, पद्म. या चार वस्तू चार हातांत चोवीस प्रकारे धरता येतात आणि प्रत्येक प्रकाराला एक नाव आहे. ही चोवीस नावं आपल्याला आधीपासून माहीत असतात, पूजेला बसल्यावर भटजी आचमन करायला लावतात ना, केशवाय नमः, नारायणाय नमः, माधवाय नमः, तीच. मूर्ती वाचायची ती देवाच्या उजव्या खालच्या हातापासून, म्हणजे आपल्या डाव्या बाजूनं, तिथून वर, मग पलीकडच्या वरच्या हाताकडे, मग खाली. या क्रमानं पद्म, शंख, चक्र, गदा आलं तर तो केशव. शंख, पद्म, गदा, चक्र आलं तर नारायण. पुढच्या नावांच्या बाबतीत ग्रंथाग्रंथांत थोडा फरक आहे, त्यामुळे भांडत बसू नका. मेहकरच्या शारंगधर बालाजीची मूर्ती, १८८८ साली जमिनीतून निघालेली, जवळजवळ अकरा फुटी, तिच्यावर ही युक्ती वापरून पाहा. पण मूर्ती वस्त्रालंकारात असली की निम्मं झाकलेलं असते, म्हणून अभिषेक कधी असतो ते पुजारीबुवांना आधी विचारून जा. त्यांना असा प्रश्न विचारणारा आवडते, हा माझा अनुभव.

लोकांनी दिलेलं नाव पण लिहून ठेवा, ते चूक आहे असं तोंडावर सांगू नका. चंद्रपूरला लालपेठेत उघड्यावर प्रचंड दगडी मूर्ती पडलेल्या आहेत, त्यातल्या दहा तोंडाच्या मूर्तीला लोकं रावण म्हणतात. दहा तोंडं म्हणजे रावण, हिशोब सरळ आहे. अंगाकडे पाहा, ती देवी आहे, दुर्गा. डोकी मोजून झाली की आपण खाली पाहतच नाही, त्याचा यापेक्षा चांगला नमुना दुसरा नाही.

इतिहास आता आणायचा, पाहून झाल्यावर, आणि आणायचा तो प्रश्न घेऊन. उदाहरण रामटेकचं देतो. गडावर केवल नरसिंहाचं देऊळ आहे, वाकाटकांच्या, म्हणजे विदर्भावर राज्य केलेल्या जुन्या राजघराण्याच्या काळातलं, इसवी सनाच्या पाचव्या शतकातलं. नरसिंह म्हटल्यावर आपल्या डोळ्यासमोर मांडीवर हिरण्यकश्यपू आणि फाडलेलं पोट येते. इथं नरसिंह एक गुडघा वर करून ऐसपैस बसलाय, हातात चक्र, आणि हिरण्यकश्यपू कुठंच नाही. थोडा वेळ हेच शोधत बसा. मग प्रश्न पडते की असा निवांत, राजासारखा बसलेला नरसिंह कोणाला पाहिजे होता? आणि इथं प्रभावतीगुप्ता येते. गुप्त घराण्याच्या दुसऱ्या चंद्रगुप्त राजाची पोरगी, दुसऱ्या रुद्रसेन वाकाटकाची बायको, नवरा गेल्यावर लहान पोरांच्या नावानं राज्य चालवलेली बाई, आणि स्वतः विष्णुभक्त. त्याच देवळात तिच्या घराण्याचा शिलालेख आहे, १९८०च्या दशकात तो अभ्यासकांच्या नजरेत आला, आणि त्यातून देऊळ तिच्या लेकीनं आईच्या पुण्यासाठी बांधलं असं वाचतात. ही माहिती आधी वाचून गेलात तर पाठांतर होते. आधी मूर्ती पाहून मग वाचलं तर डोक्यात पक्कं बसते.

तारखेच्या बाबतीत एक सावधगिरी. आपल्याकडे काळ्या दगडाचं, चुन्याशिवाय दगडात दगड अडकवून बांधलेलं देऊळ दिसलं की ते हेमाडपंती, आणि हेमाडपंती म्हटलं की ते हेमाडपंतानं बांधलं. हेमाडपंत, म्हणजे हेमाद्री, हा देवगिरीच्या यादवांच्या महादेव आणि रामचंद्र या राजांचा मंत्री, म्हणजे तेराव्या शतकाचा उत्तरार्ध. अकोल्याकडच्या बार्शीटाकळीच्या देवळातला शिलालेख शके १०९८ चा, म्हणजे इ.स. ११७६ चा आहे. शंभर वर्षं आधीचं देऊळ हेमाडपंत कसं बांधणार? तेव्हा फलकावर काय लिहिलंय त्यापेक्षा शिलालेख आहे का ते पाहा, नसला तर "अकरावं ते तेरावं शतक" एवढ्यावर समाधान माना.

आणि देऊळ एकाच वर्षी बांधून झालेलं नसते. खालचं दगडी आणि शिखर विटाचुन्याचं असलं तर शिखर नंतरचं समजा. जुन्या पद्धतीत खांबांवर आडवी तुळई टाकतात, त्यामुळे आत मधातच कमान दिसली तर ती नंतर कोणीतरी आधाराला घातलेली असते. नक्षी एका दगडावर येऊन अचानक तुटली, एखादं फूल आडवं पडलेलं दिसलं, शेजारच्या दोन दगडांवर छिन्नीचे घाव वेगळे दिसले, तर दगड उचलून दुसरीकडे बसवलाय. मार्कंड्याच्या मुख्य देवळाचं शिखर वीज पडून कोसळलं असं सांगतात, पुढं गोंड राजांच्या काळात डागडुजी झाली, १८७०च्या दशकात इंग्रज पुरातत्त्व अधिकारी कनिंगहॅम साहेब येऊन नोंदी करून गेले, आणि आता पुरातत्त्व खात्याचं जतनाचं काम बरीच वर्षं चाललंय, त्यामुळे काही भाग बंद असू शकतो, विचारून जा. या सगळ्या हातांच्या खुणा तिथं दगडावर आहेत. महाशिवरात्रीच्या जत्रेत जायचं तर जत्रेसाठी जा, शिल्प पाहायला त्या दिवशी जागा भेटत नाही.

देऊळच पाहिजे असं पण नाही. चिखलदऱ्याजवळ गाविलगडावर शार्दूल दरवाजा आहे, लोकं त्याच्या खालून जातात, दरीचा फोटो काढतात. दरवाज्यावर वर पाहा, दोन तोंडाचा पक्षी, गंडभेरुंड, चोचींत नि पंजांत हत्ती धरलेले. हत्ती केवढा आणि पक्षी केवढा, प्रमाण मुद्दाम उलटं केलंय. आता हा किल्ला १४२५ साली बहमनी सुलतान अहमदशहा वलीनं बांधून काढला, आणि १४८८ च्या सुमारास फतहुल्ला इमादुल्मुल्कनं दुरुस्त केला, तोच पुढं वऱ्हाडच्या इमादशाहीचा पहिला राजा. गंडभेरुंड तर कानडी मुलखातलं, विजयनगरच्या नाण्यांवरचं चिन्ह. ते मेळघाटातल्या सुलतानाच्या दरवाज्यावर कसं? तर हा फतहुल्ला मूळचा विजयनगरकडचा ब्राह्मणाचा पोरगा, लढाईत पकडून आणलेला, वऱ्हाडात वाढून सरदार झालेला. लहानपणची खूण त्यानं दारावर कोरून घेतली का, की नुसतं दरारा दाखवायचं चिन्ह म्हणून घेतलं, हे मला तिथं उभं राहून आजही ठरवता येत नाही, आणि म्हणूनच तो दरवाजा मला दरीपेक्षा जास्त आवडते.

गावाच्या शिवेवरचे वीरगळ, म्हणजे लढून मेलेल्या वीराच्या आठवणीचे दगड, विसरू नका. शेंदूर फासून बसवलेला, चारपाच फूट उंच, आडवे कप्पे पाडलेला दगड. तो खालून वर वाचायचा. सगळ्यात खाली लढाई, तिथं गाई कोरलेल्या असतील तर गाववाल्यांची ढोरं पळवून नेणाऱ्यांशी लढताना माणूस मेलाय. त्याच्या वर अप्सरा त्याला उचलून नेतात, त्याच्या वर तो शिवलिंगापुढं बसलेला, आणि टोकाला चंद्रसूर्य, ते आहेत तोवर याचं नाव राहील म्हणून. शेजारी कोपरातून वाकवलेला, बांगड्या भरलेला बाईचा हात कोरलेला दगड असला तर ती सती. बहुतेकांवर एक अक्षर नसते, नाव गेलेलं असते, पण ढाल गोल आहे की लांब, माणूस पायी आहे की घोड्यावर, एवढं तरी पाहून घ्यावं.

सोबत काय न्यायचं तर वही आणि शिसपेन. चित्र काढता येत नाही हे कारण चालणार नाही, माझी चित्रं पाहून माझी पोरगी हसते. वेडंवाकडं का होईना काढायला लागलं की आपोआप विचारावं लागते, हा हात खांद्यातून निघाला की मागून? कानातला दागिना खांद्याला टेकतो की नाही? फोटो मात्र सगळ्यात शेवटी काढा, आधी काढला की डोळे सुटीवर जातात. दुर्बीण असली तर वरच्या रांगांसाठी लय कामाची. संरक्षित स्मारकात ट्रायपॉड लावायला परवानगी लागते, उगाच चौकीदारभाऊंशी वाद घालू नका, तेच नंतर तुम्हाला मागच्या बाजूची चांगली मूर्ती दाखवतात.

आणि शेतात, नाल्यात, उघड्यावर सुटी पडलेली मूर्ती सापडली तर तिचं लोकेशन व्हॉट्सॲपवर टाकू नका. मूर्ती चोरणारे आणि गुप्तधन खोदणारे पण ग्रुपात असतात. सरपंच, तहसील नाहीतर पुरातत्त्व खातं, यांना सांगा आणि शांत बसा.

एवढं गावाकडं करून झालं की मग नागपूरला अजब बंगल्यात जा, १८६३ सालचं म्युझियम आहे. तिथं मूर्ती डोळ्याच्या उंचीवर, मागून-पुढून पाहता येतात, हा फायदा. पण भिंत गेलेली असते, ऊन गेलेलं असते, शेजारची मूर्ती गेलेली असते, म्हणून ते आधी नको, नंतर. तिथंही एकच मूर्ती धरा. सोमवारी बंद असते.